समुद्रतळाशी भान राखण्याची किंमत

सिंधुदुर्ग जिल्ह्यात विजयदुर्ग किल्ल्यावर गेली काही वर्षे १८ ऑगस्टला हेलियम दिन साजरा केला जातो. नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात याच किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला, अशी तेथील समजूत आहे. वस्तुतः त्या ग्रहणाचे गाजलेले निरीक्षण जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरहून केले. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडातच होता. विजयदुर्गास तो आला १८९८ च्या ग्रहणाच्या वेळी. इतिहासाचा हा घोटाळा बाजूला ठेवला तरी एक योगायोग उरतोच. याच जिल्ह्यात तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाने स्कूबा शिकवणारी संस्था उभारली आहे, आणि जगभरच्या हौशी पाणबुड्यांमध्ये जो वाद चालला आहे तो नेमका हेलियमविषयी आहे. केवळ आनंदासाठी पाण्यात उतरणाऱ्याने हा महागडा वायू वापरावा काय, असा तो वाद आहे.

पाण्यात दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. चाळीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या पाचपट होतो आणि पाणबुड्याच्या टाकीतून येणारी हवाही तेवढीच दाट होते. हवेतील नत्रवायू एरवी निरुपद्रवी. पण तीस मीटरच्या आसपास तो मद्यासारखा मेंदूवर चढू लागतो. टाकीत प्राणवायूचे प्रमाण वाढवले तर ही झिंग टळते, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे, कारण प्राणवायूलाही तो गुण असावा असेच मानले जाते. शिवाय दाट हवा आत-बाहेर करताना श्वासाचे कष्ट वाढतात, कार्बन डायॉक्साइड शरीरात साचतो आणि गुंगी आणखी गडद होते. २०१६ साली अँथनी व मिचेल या संशोधकांनी श्वसनवायूच्या घनतेची मर्यादा सुचवली : लिटरला शक्यतो ५.२ ग्रॅम, आणि कोणत्याही परिस्थितीत ६.२ ग्रॅमपेक्षा अधिक नको. साधी हवा पहिली मर्यादा तीस मीटरच्या सुमारास गाठते आणि दुसरी चाळीस मीटरच्या थोडी अलीकडेच ओलांडते. तरीही बहुतेक प्रशिक्षण संस्थांनी हौशी पाणबुड्यांची सीमा चाळीस मीटरवरच आखली आहे.

हेलियमला ही झिंग नाही आणि वजनही नगण्य आहे. २१ टक्के प्राणवायू, ३५ टक्के हेलियम व उरलेला नत्रवायू असे मिश्रण घेतले तर चाळीस मीटरवर त्याची घनता साडेचार ग्रॅमच्या आसपास राहते आणि डोके वीस-बावीस मीटरवर असावे तितके ताळ्यावर राहते. हे ज्ञान नवे नाही. १९३९ साली बुडालेली स्क्वालस ही पाणबुडी वर काढताना अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांनी हेलियमच श्वासात घेतला होता. मुंबई हायच्या परिसरात दीर्घकाळ दाबाखाली राहून काम करणाऱ्या धंदेवाईक पाणबुड्यांनाही तो मिळतो. तेथे खर्च कंपनीचा असतो. हौशी माणसाला मात्र तो स्वतःच्या खिशातून करावा लागतो, आणि सारे दुखणे तेथेच आहे.

विरोधकांचा एक आक्षेप नैतिक स्वरूपाचा आहे. रुग्णालयातील एमआरआय यंत्रांना लागणारा दुर्मिळ वायू हौसेखातर बुडबुड्यांत उधळावा काय, असे ते विचारतात. आक्षेप ऐकायला भारदस्त आहे, हिशेबात मात्र टिकत नाही. मिनिटाला वीस लिटर हवा घेणारा माणूस चाळीस मीटरवर शंभर लिटर घेतो. वीस मिनिटांत त्यातून सातशे लिटर हेलियम जाईल, म्हणजे द्रवरूपात जेमतेम एक लिटर. जुन्या धाटणीच्या एका एमआरआय यंत्रात असा द्रव दीड हजार लिटरच्या आसपास भरलेला असतो. पाणबुडे सोडून फुगेवाल्यांना कोणी जाब विचारत नाही, हेही लक्षात घ्यावे.

किमतीचा प्रश्न मात्र खरा आहे. २०१७ साली शेजाऱ्यांनी नाकेबंदी करताच कतारमधील उत्पादन थांबले. २०२२ च्या प्रारंभी रशियातील अमूर प्रकल्पात स्फोट झाला. अमेरिकेने तर आपला सरकारी साठा २०२४ साली एका खाजगी कंपनीस विकून टाकला. अशा बाजारात टाकी भरायला गेलेला शिक्षक किंवा कारकून हिशेब करू लागतो आणि हेलियम वगळतो. या काटकसरीचे टोक १९९२ साली दिसले. न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारे सत्तर मीटरवर पडलेल्या यू-८६९ या जर्मन पाणबुडीच्या सांगाड्यात ख्रिस राऊस आणि त्यांचा तरुण मुलगा उतरले. दोघेही कसलेले. परंतु हेलियमचे मिश्रण परवडले नाही म्हणून ते हवेवरच गेले, असे त्या मोहिमेची हकीकत लिहिणाऱ्यांनी नोंदवले आहे. मुलगा आत अडकला. सुटकेनंतर दोघे टप्पे न पाळता थेट वर आले आणि दोघेही दगावले.

चाळीस मीटर म्हणजे सत्तर नव्हे, हे उत्तर ठरलेले आहे. ‘मला तेथे काही होत नाही’ हेही. पण ज्या मेंदूने हा निवाडा द्यायचा तोच गुंगीत असतो, मग त्या साक्षीला मोल किती? वर सारे सुरळीत असेतो गुंगी निभावून जाते. जोडीदाराचा हवेचा काटा अचानक उतरला की दोन आकड्यांची बेरीज होत नाही.

ग्लोबल अंडरवॉटर एक्स्प्लोरर्ससारखी संस्था हौशी माणसालाही चाळीस मीटरच्या आत हेलियम वापरायला शिकवते, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. पण सर्वांनी हेलियम घ्यावा, हा तिचा अर्थ काढणे म्हणजे प्रश्न पुन्हा पैसेवाल्यांकडे ढकलणे होय. ज्याला तो परवडत नाही त्याने हवेवर तीस मीटरला थांबावे, आणि संस्थांनी त्याच्या कार्डावर तेवढाच आकडा छापावा. आज दोन-तीन दिवसांच्या अभ्यासक्रमानंतर चाळीसचा आकडा हाती ठेवला जातो, ही प्रशिक्षणाची नव्हे, विक्रीची रीत झाली. भारतात हेलियम आयात करावा लागतो. अंदमानात वा अन्यत्र तो स्वस्त मिळेल, अशी आशा धरण्यात अर्थ नाही. तारकर्लीचे पाणी उथळ आहे. तेथे हेलियमची गरजच नाही. मात्र तेथे शिकलेली मुले उद्या खोल समुद्रात जाणार आहेत. तीस मीटरचा नियम त्यांना पहिल्याच धड्यात, हवेच्या घनतेचा हिशेब फळ्यावर मांडून, सांगण्यास त्या संस्थेला कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागू नये.