डोक्याला मार लागला? दोनदा पाहा

मधल्या सुट्टीत आमच्या वर्गातला एक मुलगा खांबावर आदळला. "सर, काही नाही झालं," म्हणत पुन्हा पळू लागला. आम्ही त्याला जवळ बसवून ठेवले. अर्ध्या तासात त्याने "आता कोणता तास?" असे तीनदा विचारले. हेच कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. यात रक्त दिसत नाही, शुद्धही बहुधा हरपत नाही. त्याला लगेच डॉक्टरांकडे नेले. अल्हम्दुलिल्लाह, आता तो बरा आहे.

आपल्या माधवनगरात वाढलेल्या स्मृती मानधनाला फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यूझीलंडमधील सराव सामन्यात डोक्याला चेंडू लागला. डॉक्टरांनी तपासून खेळू दिले. थोड्याच वेळात पुन्हा तपासले आणि खबरदारी म्हणून ती मैदानाबाहेर गेली.

मूल गोंधळले, तोल जाऊ लागला, डोके दुखले, मळमळले, उजेड सोसेना, विनाकारण चिडचिड करू लागले, तर त्या दिवशी खेळ बंद, डॉक्टरांना दाखवा. लक्षणे दुसऱ्या दिवशीही दिसू शकतात. वारंवार उलट्या, झटके, वाढती डोकेदुखी, लहान-मोठ्या बाहुल्या, किंवा हलवूनही जाग येईना, तर लगेच १०८ ला फोन करा.

डोक्याला तेल चोळून "झोप, बरं वाटेल" एवढ्यावर थांबू नका. लेकरू अल्लाहची अमानत आहे.