पुसदमध्ये कॉम्प्युटर रिपेअरिंग चालेल का? चालेल, पण ‘फ्री चेकअप’चा बोर्ड लावू नका



मागच्या व्हिडिओखाली पुसदच्या एका मुलाने विचारलं होतं, “सर, हार्डवेअरचा कोर्स झालाय. दुकान टाकू का? आता तर सगळे मोबाईलच वापरतात.” व्हिडिओमध्ये दोन मिनिटांत उत्तर दिलं, पण ते अर्धवट होतं. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मोबाईल सगळे वापरतात हे खरं. पण पुसदच्या बाजारात एक चक्कर मारून बघा. झेरॉक्सवाले, सेतू केंद्र, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं डिझाईन करणारे, कृषी केंद्र, अडत, टॅक्सचं काम करणारे, शाळेचं ऑफिस, फोटो स्टुडिओ. यांच्यापैकी कोणाचं काम मोबाईलवर चालतं? उमरखेड, महागाव, दिग्रस इकडचेही लोक कामासाठी पुसदला येतात. यांचा कॉम्प्युटर दुपारी बंद पडला तर नुसता कॉम्प्युटर बंद पडत नाही, त्या दिवसाचा गल्ला बंद पडतो. दाखल्यासाठी खेड्यावरून एसटीने आलेला माणूस परत जातो. तुमचं गिऱ्हाईक हे आहे. घरी सिनेमा बघणारा नाही.

आता मुद्द्याचं. या धंद्यात बहुतेक मुलं एकच गणित शिकून येतात: चेकअप फ्री, कमाई पार्टमध्ये. मी स्वतः जुन्या बॅचेसना हेच सांगायचो. चुकलो. आज तुम्ही एसएसडीचा भाव सांगता तेव्हा गिऱ्हाईक तुमच्याच स्टुलावर बसून मोबाईलवर ऑनलाईन भाव बघत असतं. दोनशे रुपये जास्त दिसले की तुम्ही लुटारू ठरता. त्यात रॅमचं बघा. 2025 च्या शेवटी रॅमचे भाव अचानक भडकले, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळवला. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये क्रुशियल हा आपला किरकोळ विक्रीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. सोमवारी दिलेला भाव शुक्रवारी टिकत नाही. अशा मालावर लहान दुकान उभं करायचं?

आणि फ्री चेकअपचा खरा तोटा वेगळाच आहे. चेकअप फ्री असला की काहीतरी विकल्याशिवाय तुमचा दिवस निघत नाही. मग जिथे काहीच विकायची गरज नाही तिथेही हात पार्टकडे जातो.

एक उदाहरण देतो, हे तुम्हाला पहिल्या महिन्यातच भेटेल. सेतूवाला सीपीयू घेऊन येतो. म्हणतो, “सरकारी साइट उघडूनच नाही राहिली, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणते. विंडोज मारून द्या.” तुम्ही विंडोज मारता, पाचशे घेता. दोन दिवस चालतं. तिसऱ्या दिवशी लाईट जाऊन येते आणि पुन्हा तेच. दोष विंडोजचा नव्हताच. मदरबोर्डवरचा सीआर 2032 हा गोल सेल संपलेला होता. वीज गेली की मशीनची तारीख दहा-पंधरा वर्षं मागे जाते. प्रत्येक सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटला मुदत असते, तारीख त्या मुदतीत बसली नाही की ब्राउझर साइट अडवतो. उपाय काय? वीस-तीस रुपयांचा सेल आणि तारीख नीट करणं.

आता सांगा, फ्री चेकअपवाला इथे काय कमावणार? तीस रुपयांच्या सेलवर पाच रुपये. म्हणून तो विंडोज मारतो. तपासणीचे दोनशे घेणारा माणूस मात्र सेल बदलतो, दोनशे तीस घेतो, कागदावर कारण लिहून देतो आणि सेतूवाल्याचा अर्धा दिवस वाचवतो. सेतूवाला पुढच्या वेळी कोणाकडे जाईल?

असंच दुसरं. “सीपीयूला हात लावला की करंट मारतो.” पॉवर सप्लाय बदलून पंधराशेचं बिल करणारे आहेत. बहुतेक वेळा बोर्डातला अर्थिंगचा वायरच जोडलेला नसतो, म्हणून सप्लायमधल्या फिल्टरची गळती कॅबिनेटच्या पत्र्यावर येते आणि झिणझिण्या बसतात. तिथे मल्टीमीटर लावून बघा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायला सांगा. तुमचं काम झालं, तुमचे पैसे झाले.

उन्हाळ्यात दुपारी आपोआप बंद होणारी मशीन? आधी पंख्यातली धूळ आणि प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बघा. जिनिंगच्या आसपास ऑफिस असेल तर पंख्यात कापसाचे तंतूही निघतील.

आता विंडोज 10. याच्यावर सध्या सगळ्यात जास्त घाबरवाघाबरवी चालू आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सपोर्ट थांबवला. याचा अर्थ कॉम्प्युटर बंद पडतो असा नाही. सुरक्षेचे अपडेट येणं थांबतं, आणि लोकांची आधार कार्डं ज्या मशीनवर स्कॅन होतात तिथे ही गोष्ट छोटी नाही. पण वैयक्तिक वापराच्या कॉम्प्युटरला नोंदणी करून 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत जादा अपडेट घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली आहे. म्हणजे आजच्या आज चाळीस हजारांची मशीन घ्या असं सांगायला कारण नाही.

गिऱ्हाईक आलं की आधी प्रोसेसर बघा. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची असेल तर विंडोज 11 बहुतेक चालतं. ‘टीपीएम नाही’ असा मेसेज आला तरी लगेच हात टेकू नका, अनेक बोर्डांवर ते असतं, फक्त बायोसमध्ये बंद असतं. मात्र घाईने सिक्युअर बूट चालू करू नका. विंडोज जुन्या लिगसी पद्धतीने टाकलेलं असेल तर डिस्क आधी एमबीआरवरून जीपीटी करावी लागते, नाहीतर मशीन सुरूच होत नाही आणि गिऱ्हाईक समोर उभं असतं.

पण माझ्या मते खरा प्रश्न डब्याचा नसतो, डब्याला लटकलेल्या गोष्टींचा असतो. पत्रिकावाल्याकडे वीस वर्षांच्या पेजमेकरच्या फाईल्स असतात, फाँट युनिकोडच्या आधीचे असतात, मराठी सॉफ्टवेअरचं हार्डवेअर लॉक असतं. अडत्याकडे जाड पॅरलल पोर्टवाला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर असतो, तो पोर्ट नवीन मशीनवर सहसा येतच नाही. टॅक्सवाल्याकडे सहीचा टोकन, सेतूवाल्याकडे अंगठ्याचं मशीन. त्यात विंडोज 11 फक्त 64 बिटमध्ये येतं, त्यामुळे जुने 32 बिट ड्रायव्हर चालत नाहीत. ही यादी न करता अपग्रेड केलं, आणि सोमवारी सकाळी पत्रिकावाल्याच्या फाईलमधली मराठी अक्षरं चौकोन-चौकोन दिसली, तर तुमचं नाव गावभर होईल. आणि ते नाव पुसायला किती वर्षं लागतील ते तुम्हीच बघा. यादी करायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास तुम्ही फुकट देणार आहात का?

एसएसडीबद्दल थोडं, कारण जुन्या मशीनला सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. साधी हार्डडिस्क सेकंदाला साधारण शंभर-दीडशे एमबी वाचते, साटा एसएसडी पाचशेच्या वर. पण खरा फरक बारीक-बारीक फाईल्समध्ये असतो. हार्डडिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर सुई जागा शोधत हिंडते, एसएसडीत सुईच नाही. म्हणून प्रोसेसर तोच राहूनही मशीन नवीन वाटते. मात्र जुनी डिस्क टकटक आवाज करत असेल किंवा स्मार्ट रिपोर्ट खराब दाखवत असेल तर एक चूक कधीच करू नका: चेकडिस्क चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढी मेहनतही सोसत नाही. आधी डेटा कॉपी, मग बाकी सगळं. काम झाल्यावर जुनी डिस्क गिऱ्हाईकाच्या हातात परत द्या. ती त्याची आहे, आत त्याच्या आयुष्याचे कागद आहेत.

क्रॅक विंडोजबद्दल लोक चिडतील, तरी लिहितो. टाकून देऊ नका. “सगळेच टाकतात” हे मलाही माहीत आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63ब मध्ये माहीत असूनही बेकायदा सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला किमान 7 दिवस ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड सांगितला आहे, आणि वापरणारा म्हणजे तुमचं गिऱ्हाईक. शिवाय क्रॅक टाकताना बहुतेक वेळा अँटिव्हायरस बंद करावा लागतो. सहीचा टोकन जोडलेल्या मशीनवर? जुन्या ब्रँडेड कॉम्प्युटरला अनेकदा मूळ लायसन्स असतंच, ते आधी तपासा.

आता तुमची अडचण मला ऐकू येते आहे. गिऱ्हाईक म्हणणार, “भाऊ, नुसतं पाह्याचे बी पैसे?” म्हणणारच. त्यावर वाद घालू नका. छापील कागद ठेवा: काय तक्रार, काय तपासलं, काय सापडलं, काय करायचं, किती खर्च, आणि हा भाव कोणत्या तारखेपर्यंत. खाली सही. म्हणा, “दादा, हा कागद घेऊन कुठेही जा, पार्ट ऑनलाईन मागवा, मी बसवून देईन, बसवायचे एवढे.” काही लोक उठून जातील. पहिले दोन-तीन महिने जास्तच जातील, हे मी लपवत नाही. घरभाडं डोक्यावर असेल तर हे महिने जड जातात.

म्हणूनच सुरुवातीला गाळा घेऊ नका आणि मालासाठी कर्जही काढू नका. एक बॅग पुरते: मल्टीमीटर, ब्लोअर, तपासलेला एक पॉवर सप्लाय, रॅमच्या दोन कांड्या, यूएसबी-साटा केबल, बूट होणारा पेन ड्राइव्ह, थर्मल पेस्ट आणि पाच-दहा सीआर 2032 सेल. जून उजाडला की दाखल्यांची गर्दी सुरू होते, तेव्हा कोणी मशीन उघडू देणार नाही. त्याच्या आधी, एप्रिल-मेमध्ये, दहा झेरॉक्स आणि सेतूवाल्यांकडे जा आणि त्यांच्या मशीनची तपासणी करून द्यायची तयारी दाखवा. दोनशे रुपयांत. पहिल्यालाही दोनशेच सांगा.