पाकीट हरवतं कुठं?

“आत्या, परत गेलं!”

संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमाराला आतल्या खोलीतून ही आरोळी आली नाही, असा दिवस जात नव्हता. भाचा कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आला, तेव्हापासून घरात ‘व्हॅलोरंट’ हा शब्द रुळला. पाच विरुद्ध पाच असा हा संगणकावरचा नेमबाजीचा खेळ. दहाही खेळाडू आपापल्या घरी बसलेले, फक्त इंटरनेटनं जोडलेले. भाचा दाराआडून डोकावणार, इतक्यात पडद्यावरची माणसं जागच्या जागी थिजायची. ती पुन्हा हलू लागेपर्यंत याला गोळी लागलेली असायची.

सुरुवातीला मी त्यालाच बोलले. “हरलास की नेट खराब! त्याच नेटवर माझी मालिका कशी नीट दिसते रे?” माझ्या मते हा बिनतोड मुद्दा होता. मग कॉलेजातल्या स्पर्धेच्या आधी त्याच्या चार सोबत्यांनी त्याला सांगितलं, ‘तुझं नेट सुधारेपर्यंत तू राखीव.’ त्या रात्री त्यानं संगणक लावलाच नाही. तेव्हा मात्र माझा राग वायफायवाल्यावर वळला. तो बिचारा मुलगा तीनदा येऊन गेला. गच्चीवर चढला, तार तपासली, डबा बदलला. “मॅडम, लाइन ओके आहे,” असं तो म्हणाला, तर “तुम्ही सगळे असंच म्हणता,” असं मी त्याला दारातच सुनावलं.

खरं काय ते शोधायला आम्ही दोघं बसलो ते त्यानंतर. हे आधीच करायला हवं होतं.

आधी माझ्या ‘बिनतोड’ मुद्द्याचं काय झालं ते सांगते. इंटरनेटवरून जाणारी प्रत्येक गोष्ट लहान लहान तुकड्यांत जाते. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. आपण त्यांना पाकिटं म्हणू. त्यातलं एखादं वाटेत गहाळ होतं, यालाच ‘पॅकेट लॉस’ म्हणायचं. मालिका बघताना हे कळत नाही, कारण टीव्ही पुढचा भाग आधीच भरून ठेवतो. पिंप भरलेलं असलं की नळ दोन मिनिटं गेला तरी स्वयंपाक अडत नाही, तसंच हे. शिवाय हरवलेलं पाकीट टीव्ही परत मागवून घेतो.

खेळात पिंप नसतं, थेट नळाखाली ओंजळ असते. असे खेळ बहुधा ‘यूडीपी’ नावाच्या पद्धतीनं चालतात. ही पद्धत १९८० साली ठरली. पाकीट टाकायचं आणि पुढं जायचं, पोचपावती मागायची नाही, हा तिचा नियम. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा हिशोब करतो. अर्ध्या सेकंदापूर्वी शत्रू कुठं होता, हे आता कळून काय उपयोग? म्हणजे मालिका नीट चालते, यावरून खेळाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. भाचा खरं बोलत होता.

आता प्रश्न उरला, पाकीट हरवतं कुठं? वाट तीन टप्प्यांची आहे. संगणकापासून घरातल्या राउटरपर्यंत पहिला टप्पा, राउटरपासून कंपनीपर्यंत दुसरा आणि तिथून खेळाच्या सर्व्हरपर्यंत तिसरा. प्रत्येक टप्पा वेगळा तपासायचा.

त्यासाठी ‘पिंग’ नावाची सोय प्रत्येक संगणकात असते. माइक म्यूस या अमेरिकन माणसानं ती १९८३ च्या डिसेंबरमध्ये तयार केली. पाणबुडीच्या सोनारचा आवाज जसा आदळून परत येतो, तशी ही हाक जाते आणि परत येते. त्या आवाजावरूनच हे नाव. किती हाका परतल्या आणि किती वेळात, एवढंच ती सांगते. विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडायचा आणि पिंग हा शब्द इंग्रजीत लिहून पुढं पत्ता द्यायचा. अशी चारच पाकिटं जातात. चारांवरून निदान करू नये. शब्द आणि पत्ता यांच्यामध्ये आडव्या रेघेला जोडून ‘एन’ हे अक्षर आणि पुढं १०० लिहिलं, की शंभर जातात. राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो आणि डब्याखालच्या चिठ्ठीवर छापलेला असतो.

पण त्याआधी आम्ही एक खात्री करून घेतली. संगणकच दमत असेल तरी चित्र अडखळतं. खेळाच्या सेटिंगमध्ये पॅकेट लॉसचा आलेख दाखवायची सोय आहे, ती भाच्यानं सुरू केली. चित्र थिजलं तेव्हा आलेखानं उसळी घेतली. म्हणजे दुखणं नेटचंच.

मग वही घेतली. वेळ संध्याकाळी पावणेआठची, कारण दुखणं याच वेळी उद्भवायचं. सकाळी तपासून काहीच सापडलं नसतं. वायफायवरून राउटरला शंभर हाका मारल्या, तीन हरवल्या. मधे दोन भिंती आणि स्वयंपाकघर. मायक्रोवेव्ह आणि जुन्या पद्धतीचं वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, त्यामुळे दूध तापवतानाही पाकिटं गळू शकतात. मग संगणक तारेनं राउटरला जोडला. आता शंभरच्या शंभर परत! पहिला टप्पा तारेवर स्वच्छ.

तार तशीच ठेवून बाहेर हाक मारली. गूगलचा ८.८.८.८ हा पत्ता त्यासाठी सोयीचा. शंभरातल्या नऊ हरवल्या.

“बघ! कंपनीचाच दोष!” मी लगेच तक्रार लिहायला घेतली. भाचा म्हणाला, “आत्या, थांब. हा वेळेचा रकाना बघ.” एरवी आठ-दहा मिलिसेकंदांत परतणारी हाक आता तीनशे मिलिसेकंद घेत होती. आधी उशीर वाढायचा आणि मग हाक हरवायची. तार तुटकी असली की असं सहसा होत नाही, तिथं वेळ ठीक असतानाच मधूनमधून पाकीट गळतं. आधी उशीर आणि मग हरवणं, ही रांगेची खूण. राउटरच्या दाराशी पाकिटांची गर्दी होते, रांग लांबते आणि जागा संपली की नवं येणारं पाकीट सरळ टाकून दिलं जातं.

गर्दी करत होतं कोण? आम्ही एकेक वस्तू बंद करत गेलो. एका वेळी एकच, हे महत्त्वाचं. टीव्ही बंद केला, हरवणं चालूच. ह्यांचा लॅपटॉप बंद केला, तरी चालूच. राहता राहिला माझा मोबाइल. तो तर नुसता चार्जिंगला पडलेला! त्याचं वायफाय बंद केलं आणि पिंग लावलं. शंभरच्या शंभर परत, दहा मिलिसेकंदांत. योगायोग नको म्हणून वायफाय पुन्हा सुरू केलं. आठ हरवल्या.

उलगडा सोपा होता. मी दिवसभर मुलाखतींची चित्रीकरणं मोबाइलवर करते. सव्वासातला घरी येते आणि मोबाइल चार्जिंगला लावते. वायफाय आणि वीज दोन्ही मिळाली, की तो सगळी चित्रीकरणं आपणहून इंटरनेटवरच्या साठ्यात चढवू लागतो. आमची जोडणी स्वस्तातली, चढवण्याची वाट अरुंद. ती सगळी माझ्या मोबाइलनं अडवलेली आणि भाच्याची पाकिटं रांगेत चेंगरत होती. तीन आठवडे ज्याला मी शोधत होते, तो चोर माझ्याच पर्समधून घरी येत होता.

तुमच्या घरी कारण वेगळंही असू शकेल. दिवाणाच्या पायाखाली चेपलेली तार किंवा कपाटामागं दुमडलेली फायबर. दुमडल्यावर फायबरमधला प्रकाशच गळतो. पण घरातली इतर सगळी साधनं बंद, संगणक तारेवर आणि तरीही राउटरपर्यंत स्वच्छ व बाहेर गळती, असं तीन-चार दिवस दिसलं, तर दोष घराबाहेरचा समजावा. मग ‘ट्रेसर्ट’ ही आज्ञा वापरून वाटेतले थांबे बघावेत. मधल्याच एका थांब्यानं उत्तर दिलं नाही आणि पुढचे सगळे नीट देत असतील, तर घाबरू नये. पुष्कळ थांबे अशा हाकांना मुद्दामच उत्तर देत नाहीत. दिवस, वेळ आणि आकडे लिहिलेला कागद तक्रारीला जोडला, तर ‘नेट खराब आहे’ यापेक्षा त्याचं वजन खूप जास्त.

आमचा उपाय फुकटात झाला. मोबाइलचं आपणहून चढवणं बंद केलं, आता झोपण्यापूर्वी मी ते हातानं सुरू करते. संगणकाची तार भिंतीच्या कडेनं कायमची बसवली. भाचा संघात परतला. पहिल्याच फेरीत ते हरले, पण या वेळी तो म्हणाला, “आम्ही वाईट खेळलो, आत्या.”

त्या वायफायवाल्या मुलाला मी फोन केला. दोष आमच्याच घरात होता आणि मी उगाच बोलले, असं सांगितलं. तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “मॅडम, शिव्या द्यायला फोन येतात. हे सांगायला कुणी करत नाही.”