देव सोडा चालेल, चौकट सोडू नका

आपल्या देशात विचारस्वातंत्र्याची परंपरा फार जुनी आहे, असे आपल्याला शाळेपासून ऐकवले जाते. पुरावा म्हणून दर्शने पुढे केली जातात. सांख्यांना सृष्टी निर्माण करणारा ईश्वर लागत नव्हता, मीमांसकांनाही लागत नव्हता. तरी दोघांची गणना आस्तिकांत होते. किती उदार परंपरा, असे म्हणून मान डोलवायची.

पण हिशेब नीट तपासा. आस्तिक म्हणजे ईश्वर मानणारा नव्हे, वेद मानणारा. ईश्वर नाकारणाऱ्याचे काही बिघडले नाही. वेद नाकारणारे बौद्ध, जैन आणि चार्वाक मात्र नास्तिक ठरले. चार्वाकांचे म्हणणे आज आपल्याला मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून कळते. म्हणजे स्वातंत्र्य होते, पण एका रेषेच्या आत. रेषेच्या आत काहीही बोला, जोखीम नाही. रेषा ओलांडा, मग बघा.

ही रेषा जुन्या ग्रंथांतच राहिली असती तर हा लेख लिहायची गरज नव्हती.

1936 सालच्या अधिवेशनासाठी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षपदाचे निमंत्रण दिले. मंडळ सुधारकांचे, नावातच जात तोडायची भाषा. बाबासाहेबांनी भाषण लिहून पाठवले. जातीवर टीका मंडळाला चालत होती. पण जातीचे मूळ शास्त्रांच्या प्रामाण्यात आहे, ते प्रामाण्यच मोडले पाहिजे, हे चालेना. मजकूर बदला, असा आग्रह झाला. बाबासाहेबांनी नकार दिला, अधिवेशन रद्द झाले आणि त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. सुधारकांची रेषा तीच होती: फळावर दगड मारा, मुळाला हात लावू नका.

आता स्वतंत्र भारताचा कायदा पाहा. संविधानाचा अनुच्छेद 25 प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य देतो. त्याच 1950 साली राष्ट्रपतींचा अनुसूचित जाती आदेश निघाला आणि त्याने या स्वातंत्र्याला किंमत लावली. हिंदू असाल तरच अनुसूचित जात. शिखांना 1956 साली आत घेतले, बौद्धांना 1990 साली. ख्रिस्ती आणि मुसलमान झालेला दलित आजही बाहेर आहे.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो माणसांनी दीक्षा घेतली, तेव्हा त्यांनी काय पणाला लावले होते ते यातून कळेल. महाराष्ट्राने नंतर आपल्या पातळीवर सवलती दिल्या, पण केंद्राचे दार 34 वर्षे बंद होते. ज्यांच्याकडे जमीन नव्हती, दुकान नव्हते, त्यांनी नोकरीची एकमेव शिडी सोडून दिली. गावाने बहिष्कार टाकला तो वेगळाच. ‘आमिषाला बळी पडून धर्म बदलतात’ असे म्हणणाऱ्यांनी सांगावे, हे कसले आमिष होते?

उलट बाजूही पाहा. दलिताने देव मानणे पूर्ण सोडले, घरातले सगळे फोटो काढून टाकले, तरी तो कागदावर हिंदू असेपर्यंत दाखल्याला धक्का लागत नाही. चर्चमध्ये गेला की दाखला जातो. मात्र चर्चमधला वेगळा बाक आणि वेगळी स्मशानभूमी त्याच्या वाट्याला राहतेच. पुन्हा हिंदू झाला आणि जातीने स्वीकारला, तर दाखला परत मिळू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली मान्य केले. ईश्वर नाकारा, चालेल. चौकट नाकारू नका. मीमांसकांच्या काळची रेषा तहसील कार्यालयात शिक्क्यानिशी उभी आहे.

ही किंमतही पुरली नाही, म्हणून परवानगी आली. ओडिशा 1967, मध्य प्रदेश 1968, गुजरात 2003. आणि कायद्यांचे नाव काय, तर धर्मस्वातंत्र्य! गुजरातेत धर्मांतर घडवणाऱ्याला जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागते. एप्रिल 2024 मध्ये तिथल्या गृहखात्याने परिपत्रक काढून बजावले की बौद्ध हा वेगळा धर्म आहे, त्याच्या दीक्षेलाही ही परवानगी घ्या. एरवी बुद्धाला विष्णूचा अवतार म्हणून घरातलाच सांगायचे. उनाच्या मारहाणीनंतर माणसे दीक्षा घेऊ लागली की तो परका. उत्तर प्रदेशात 2021 च्या कायद्यानुसार साठ दिवस आधी कळवायचे, मग चौकशी. मात्र लगेच आधीच्या धर्मात परतणे त्या कायद्यात धर्मांतरच धरले जात नाही. बाहेरच्या दारावर पहारा, आतले दार उघडे.

या कायद्यांतली सर्वांत अपमानकारक तरतूद कोणती? स्त्री, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती असेल, तर धर्मांतर करवणाऱ्याला जास्त शिक्षा. म्हणजे एम.ए. झालेला चाळीस वर्षांचा दलित माणूस आणि दहा वर्षांचे मूल एकाच रांगेत. आपल्या मतावर सरकार निवडून येते, पण आपला धर्म निवडण्याएवढी अक्कल आपल्याला नाही!

‘जबरदस्ती झाली तर?’ असे विचारले जाते. जबरदस्ती, धमकी, फसवणूक हे आधीपासून गुन्हे आहेत. जो करेल त्याला शिक्षा करा. पण मतदानातही पैसे वाटले जातात. म्हणून पक्ष बदलण्याआधी साठ दिवस कलेक्टरला कळवा, असा कायदा कुणी केला आहे का? तिथे पैसे वाटणारा दोषी. इथे आधीच संशयित ठरतो तो घर सोडणारा.

राजकारणातही तेच. ऑक्टोबर 2022 मध्ये दिल्लीच्या आंबेडकर भवनात दीक्षा समारंभ झाला आणि बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा म्हटल्या गेल्या. तिथे उपस्थित असलेले मंत्री राजेंद्र पाल गौतम यांना काही दिवसांत राजीनामा द्यावा लागला. बाबासाहेबांचा फोटो प्रत्येक पक्षाला हवा. त्यांची प्रतिज्ञा मोठ्याने म्हटली की खुर्ची जाते.

आपल्यातलेही काही म्हणतात, ‘कशाला जोखीम घ्यायची? सवलत सांभाळा.’ त्यांना दोष देणे सोपे आहे. ज्याच्या घरात दाखल्यावर पहिली नोकरी आली, त्याची भीती खरी आहे. पण ती भीती कुणी निर्माण केली, हे विसरू नका. जोखमीशिवाय स्वातंत्र्य नसते, हे वाक्य सुखवस्तू माणसाला शोभून दिसते. आपला प्रश्न वेगळा आहे: एकाच स्वातंत्र्याची जोखीम जातीनुसार कमी-जास्त का?

म्हणून मागण्या सरळ आहेत. पूर्वपरवानगीच्या आणि पूर्वसूचनेच्या तरतुदी रद्द करा. हिमाचलच्या उच्च न्यायालयाने 2012 साली पूर्वसूचनेची अट घटनाबाह्य ठरवलीच होती. अनुसूचित जातीची धर्माशी घातलेली गाठ सोडा. 2007 साली रंगनाथ मिश्र आयोगाने तेच सांगितले आहे. आणि महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी 2025 मध्ये असाच कायदा करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा दीक्षाभूमीच्या राज्यात किती आंबेडकरी नेते रस्त्यावर आले, याचा हिशेब आपण आपल्या नेत्यांना विचारू या.

येवल्यात 1935 साली बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, तेव्हा त्यांनी कुठल्याही कलेक्टरकडे अर्ज केला नव्हता. आपणही करता कामा नये.

जय भीम.