वारस आणि वारसा
विदर्भातील कारंजात सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ अशा तीन जैन परंपरांची मंदिरे आहेत. इथल्या भट्टारकांच्या, म्हणजे जैन धर्मगुरूंच्या, गाद्या राहिल्या नाहीत. पण इथल्या भांडारांतील पोथ्यांवरून हिरालाल जैन यांनी अपभ्रंश ग्रंथ संपादून छापले, ते टिकले. गादी जाते, काम टिकते; हाच न्याय बहाई पंथाचे अमेरिकेतील प्रचारक इब्राहिम खैरुल्ला यांनाही लावला पाहिजे. १८९२ मध्ये या पंथाचे संस्थापक बहाउल्ला वारले आणि मृत्युपत्र असूनही अब्दुल बहा आणि मुहम्मद अली या त्यांच्या मुलांत वारसाहक्काचा वाद पेटला. १८९४ पासून शिकागोत वर्ग घेऊन शेकडो अनुयायी जोडणारे खैरुल्ला पुढे अब्दुल बहांना सोडून मुहम्मद अलींकडे गेले. त्यांनी शिकवणीत स्वतःची मते मिसळली, हा आक्षेप खराच. पण त्यांच्या वर्गांतून आलेले बहुतेक लोक अब्दुल बहांसोबतच राहिले, हेही तितकेच खरे. वारस कोण, याचा निवाडा पंथाने करावा. कामाची नोंद घ्यायला मात्र इतिहासाने चुकू नये.