खेळ टीव्हीवर, बोलणं खिशात

मागच्या अंकातला राउटरचा लेख वाचून बऱ्याच काका-काकूंनी प्रश्न पाठवले. त्यांची उत्तरं एकेक करून देतोय, जरा धीर धरा. या वेळचा विषय घरातल्या धाकट्या मंडळींचा आहे, पण आई-बाबांनीही वाचावा. खर्च त्यांचाच असतो.

खो-खो आठवून बघा. पाठीवर थाप मारली आणि तोंडातून ‘खो’ निघालाच नाही, तर पुढचा गडी उठत नाही. म्हणजे त्या खेळात बोलणं हा खेळाचाच भाग आहे. व्हिडिओ गेमचंही आता तसंच झालंय. चौघे मिळून खेळताना ‘डावीकडून येतोय’, ‘मी पडलो, मागे या’ हे सांगता आलं नाही, तर चौघे एकेकटेच खेळत असतात. गेमर लोक याला व्हॉइस चॅट म्हणतात. हे व्हॉइस चॅट एका मोठ्या कंपनीनं खेळाच्या यंत्रातून काढून चक्क दुसऱ्या यंत्रात नेऊन ठेवलं होतं. त्याचीच ही गोष्ट.

निन्टेंडोचा स्विच हा कन्सोल मार्च २०१७ मध्ये बाजारात आला. भारतात तो अधिकृतपणे कधी आलाच नाही. तरी बाहेरून आणलेले स्विच आपल्या शहरांतून बऱ्याच घरांत दिसतात, कुणाचा दादा अमेरिकेहून आणतो, कुणी गेमच्या दुकानातून घेतो. टीव्हीला जोडा नाहीतर हातात धरून खेळा, अशी त्याची गंमत. मारिओ कार्ट, स्प्लॅटून, अॅनिमल क्रॉसिंग हे त्यातले लाडके खेळ. पण निन्टेंडोच्या स्वतःच्या खेळांत मित्राशी बोलायचं असेल तर कन्सोलवर तशी सोयच नव्हती. त्यासाठी स्मार्टफोनवर ‘निन्टेंडो स्विच ऑनलाइन’ नावाचं वेगळं अॅप घ्यायचं. ते जुलै २०१७ मध्ये स्प्लॅटून २ च्या सोबतीनं आलं. पुढे सप्टेंबर २०१८ पासून ऑनलाइन खेळायला वर्षाचे वीस डॉलर लागू झाले, तरी बोलणं अॅपमध्येच राहिलं.

प्रत्यक्षात काय करावं लागे ते बघा. कन्सोलवर खेळ उघडायचा, त्यात खोली तयार करायची. मग फोन उघडून अॅपमध्ये त्याच खात्यानं जायचं. मित्रांना निमंत्रण पाठवायचं, ते त्यांच्या फोनवर अॅप उघडून आत येणार. आणि एवढं करून आवाज फोनमधून, खेळाचं संगीत टीव्हीतून. सुरुवातीला तर आणखी मजा होती. फोनची स्क्रीन बंद केली किंवा दुसरं अॅप उघडलं की बोलणं तुटायचं! म्हणजे खेळ संपेपर्यंत फोन नुसता उजेड पाडत बसलेला. हा भाग पुढे अपडेटमध्ये सुधारला, मूळ मांडणी मात्र तीच राहिली.

जगभरच्या गेमरांनी यावर जो गोंधळ घातला तो आठवला की अजून हसू येतं. हॉरी नावाच्या जपानी कंपनीनं स्प्लॅटून २ साठी एक हेडसेट काढला. त्याची वायर एका माकळीच्या आकाराच्या डबीत जाते, डबीतून एक वायर कन्सोलला आणि दुसरी फोनला. दोन यंत्रांचे आवाज एका कानात आणायला मधे ती डबी. त्याचा फोटो पाहून लोकांनी कपाळावर हात मारला. मला त्या डबीचं कौतुकच वाटतं. बिचारीनं दुसऱ्यानं पाडलेला खड्डा बुजवायचा प्रयत्न केला.

आता थोडं माझ्या धंद्यातलं. आवाज पाठवणं हे २०१७ मध्ये अवघड राहिलेलं नव्हतं. ओपस नावाची आवाज दाबून पाठवायची पद्धत २०१२ मध्येच प्रमाण म्हणून मान्य झाली होती आणि ती फुकट वापरता येते. बोलण्यासाठी सेकंदाला २४ किलोबिट पुरतात. गुणाकार करा, तासाला जेमतेम ११ एमबी होतात. आजीनं पाठवलेल्या एका ‘शुभ सकाळ’च्या व्हिडिओएवढे! तेव्हा नेट पुरणार नाही, हे कारण टिकत नाही.

उलट फोन वेगळा ठेवल्यानं खरी तांत्रिक अडचण तयार होते, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. तुम्ही स्पीकरवर फोन करता तेव्हा समोरच्याला स्वतःचाच आवाज परत का ऐकू येत नाही? कारण तुमच्या फोनला ठाऊक असतं की आपल्या स्पीकरमधून आत्ता काय वाजतंय. माइकमध्ये जे येतं त्यातून तो तेवढा भाग वजा करतो. पण खेळाचा आवाज टीव्हीतून येत असेल तर फोनला त्याचा पत्ताच नसतो. तो वजा काय करणार? मग तुमच्या घरातलं गाडीचं घूं-घूं, संगीत, सगळं मित्राच्या कानात. कन्सोलच्या आतच माइक असता तर खेळाचा आवाज आणि बोलणं एकाच ठिकाणी असतं, वजाबाकी सोपी झाली असती. बी.ई. च्या शेवटच्या वर्षाच्या पोराला हे गणित विचारलं तर तोही सांगेल की माइक कुठे हवा.

बरं, बाकीच्यांना हे आधीच जमलेलं होतं. मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स लाइव्ह १५ नोव्हेंबर २००२ ला सुरू केलं, तेव्हा त्याच्या पहिल्या संचात हेडसेट सोबतच दिला होता. खुद्द निन्टेंडोच्या डीएस या हातात धरायच्या यंत्रात माइक होता, आणि २००६ च्या पोकेमॉन डायमंड आणि पर्लमध्ये मित्राशी नेटवरून बोलता यायचं. स्विचवरही सोय अशक्य नव्हती. जून २०१८ मध्ये त्यावर फोर्टनाइट आलं आणि त्यात हेडसेटची पिन थेट कन्सोलला लावून बोलता येऊ लागलं. म्हणजे बाहेरच्या कंपनीचा खेळ कन्सोलवरून बोलतोय आणि घरचा खेळ फोन शोधतोय.

आणि आपल्याकडची पोरं? आमच्या इंदूरच्या गल्लीत ज्याच्याकडे दहा हजारांचा फोन होता तोही पबजी मोबाइलमध्ये स्क्रीनच्या कोपऱ्यातलं माइकचं बटण दाबून ‘अबे इधर आ ना भिया’ ओरडत होता. पबजीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याचा भारतीय अवतार आला, त्यातही ते बटण आपल्या जागी होतं. कन्सोल न परवडणाऱ्या मुलाची सोय कन्सोलवाल्यापेक्षा चांगली होती, हे मला नेहमी गमतीचं वाटत आलंय.

मग निन्टेंडोनं असं केलं तरी का? कंपनी मूर्ख नाही, हे आधी मान्य करू. माझ्या मते कारण भीती हेच आहे, आणि ती पोकळ नव्हती. त्यांच्या थ्रीडीएस यंत्रावर चित्र आणि चिठ्ठ्या पाठवायची एक सोय होती, स्वॅपनोट. लहान मुलं अनोळखी लोकांना आपले फ्रेंड कोड देऊ लागली, नको ती चित्रं फिरू लागली, तेव्हा ऑक्टोबर २०१३ च्या शेवटी कंपनीनं ती ऑनलाइन सोय बंदच करून टाकली. मुलांचा खेळ विकणाऱ्या कंपनीला असा चटका बसला की ती पुढे दार उघडताना दहादा विचार करणार. बोलणं फोनवर ठेवलं की कन्सोल मुलाच्या हातात देताना त्यात परक्याचा आवाज येणार नाही, एवढं नक्की.

माझी ताई हैदराबादला असते, काचीगुड्याला. तिला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. शेजारच्या मुलाच्या मोबाइल गेममध्ये कुणा मोठ्या माणसाच्या शिव्या तिनं स्वतः ऐकल्यात. ‘कोण बोलतंय, कुठून बोलतंय, कशासाठी बोलतंय, मला काय कळणार?’ असं ती विचारते, आणि या प्रश्नाला माझ्याकडेही झटपट उत्तर नाही.

पण तिच्याच घरात दुसरी बाजूही आहे. माझा भाचा बारा वर्षांचा. शाळेत इंग्रजी, मैदानावर हिंदी आणि तेलुगू, मराठी फक्त घरात. मी साधा फोन केला की संभाषण असं होतं: ‘कसा आहेस?’ ‘बरा.’ ‘जेवलास?’ ‘हो.’ ‘अभ्यास?’ ‘आईला देतो.’ संपलं. हाच मुलगा रविवारी माझ्याशी मारिओ कार्ट खेळतो तेव्हा पाऊण तास थांबत नाही. ‘मामा, मागे बघ, मागे! निळं कवच येतंय! अरे सोड ना केळं, आत्ता सोड! तू झोपलास का?’ परवा त्यानं मला ‘वेंधळा’ म्हटलं. हा शब्द तो कुठे शिकला विचारलं, तर म्हणाला, आजी बाबांना म्हणते. घरात कानावर पडलेला शब्द त्याच्या तोंडून बाहेर यायला एक शर्यत लागली. ताई स्वयंपाकघरातून ऐकत असते. ती मला म्हणाली, इतकं मराठी तर तो माझ्याशीही बोलत नाही.

आम्ही मामा-भाचे त्या अॅपच्या वाटेला गेलोच नाही. भावजींचा जुना फोन स्पीकरवर टाकून सोफ्याच्या हातावर ठेवायचा, सरळ फोन लावायचा. मुलाला स्वतःचा फोन नाही आणि ताईला तो इतक्यात द्यायचाही नाही. आता मला सांगा, मुलाला परक्यांपासून वाचवायचं म्हणून बोलणं स्मार्टफोनवर नेलं, तर ज्या घरात मुलाला स्मार्टफोन द्यायचा नाही असं ठरलंय तिथे काय होणार? एकतर तो आईचा फोन घेऊन बसणार, नाहीतर गप्प खेळणार. स्मार्टफोनवर तर अख्खं जग उघडं आहे. कन्सोलच्या दाराला कुलूप लावून मुलाला बाजारात उभं केल्यासारखं झालं. भीती खरी होती, उपाय चुकीच्या जागी केला, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यातून मित्रांनी वाट काढलीच. ज्यांना जमलं ते २०१५ मध्ये आलेल्या डिस्कॉर्डवर गेले. कन्सोल बाजूला, लॅपटॉप किंवा फोनवर डिस्कॉर्ड, अॅपला रामराम. म्हणजे कंपनीनं नजर ठेवता येईल अशी जागा करायला जावं आणि पोरं तिची नजरच पोचत नाही अशा जागी जाऊन बसावीत.

जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ मध्ये कंपनीनं शेवटी ऐकलं. यंत्रातच माइक, कंट्रोलरवर ‘सी’ नावाचं बटण, ते दाबलं की गेमचॅट. बारा जणांपर्यंत बोलता येतं. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. सोळा वर्षांखालच्या मुलाला बोलायचं असेल तर आई-बाबांची परवानगी लागते, आणि ती परवानगी ते आपल्या फोनवरच्या पालकांच्या अॅपमधून देतात. कोणत्या मित्राशी बोलायचं तेही तिथेच ठरवतात. फोन इथेही आहेच, पण तो मुलाच्या नाही, मोठ्यांच्या हातात. आठ वर्षांपूर्वी हीच मांडणी करता आली असती. पालकांच्या नियंत्रणाचं अॅप तर पहिल्या स्विचसोबतही होतंच की!

नवा कन्सोल लगेच घ्या असं मी म्हणणार नाही, किंमत बघूनच ब्रह्मांड आठवतं. ज्यांच्याकडे जुना स्विच आहे आणि भावंडं बडोदा, ग्वाल्हेर, बेळगाव अशी पांगलेली आहेत, त्यांनी सरळ ग्रुप कॉल लावावा. फक्त टीव्हीचा आवाज निम्म्यावर आणा आणि फोन टीव्हीपासून लांब, मुलाच्या तोंडाजवळ ठेवा, म्हणजे वर सांगितलेली वजाबाकीची भानगड बरीच कमी होते. फोनला वायरचे इअरफोन लावून एक कान मोकळा ठेवलात तर आणखी उत्तम. ब्लूटूथच्या नादी लागू नका. स्विचला ब्लूटूथ हेडफोन २०२१ पासून जोडता येतात, पण त्यांचा माइक कन्सोल ऐकतच नाही. आणि कॉल घरातल्या मोठ्यानं लावून द्यावा, म्हणजे पलीकडे कोण आहे ते आधीच कळतं. ताईच्या घरी तसंच चालतं. रविवारी दुपारी चारला.