हातीं करवंटी

एखाद्याचें वैभव लयास गेलें म्हणजे "त्याच्या हातीं करवंटी आली" असें आपण म्हणतों. भीक मागण्याचें पात्र, एवढीच योग्यता आपल्या भाषेनें या वस्तूस दिलेली आहे. नारळ फोडावा, खोबरें खवून घ्यावें आणि करवंटी भिरकावून द्यावी, हा आपला नित्याचा क्रम. या वस्तूची बाजू घेऊन चार शब्द लिहावे असें मला बरेच दिवस वाटत होतें. त्यास कारण माझ्याच हातून घडलेला एक अन्याय होय.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या शाळेंत टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या कामाचें प्रदर्शन भरलें होतें. परीक्षकाचें काम मजकडे होतें. पहिलें बक्षीस मीं करवंट्यांच्या एका घुबडास दिलें. त्याला व्हार्निश लावलेलें होतें, कांचेचे डोळे होते, लांकडी बैठक होती. शेवटच्या टेबलावर एक साधी डवली होती. तिच्याकडे मीं नीट पाहिलेंही नाहीं. सायंकाळीं एक मुलगा भीत भीत मजजवळ येऊन म्हणाला, "सर, मी डवली घरीं नेऊं का? आमटी वाढायला आमच्याकडे तीच आहे." मीं होकार दिला. तो गेल्यावर मी त्या घुबडाकडे पुष्कळ वेळ पाहत राहिलों.

पुढें त्याच मुलाकडून मीं डवली करण्याची रीत समजून घेतली. नारळ आडवा फुटला म्हणजे त्याच्या दोन वाट्या होतात. एक डोळ्यांची व दुसरी बिनडोळ्यांची. डवलीला बिनडोळ्यांची घ्यावी. ती कांचेच्या तुकड्यानें तासून कांचकागदानें घांसावी, कांठाखालीं समोरासमोर दोन भोकें पाडावीं आणि त्यांतून बांबूची काठी घट्ट बसवावी. खिळा नको कीं डिंक नको. कढत आमटींतही तिची काठी हाताला चटका देत नाहीं. डोळ्यांची वाटीही वायां जात नाहीं. तीन डोळ्यांपैकीं एक मऊ असतो. नारळाचा कोंब तेथूनच बाहेर येतो. तो डोळा खिळ्यानें उघडला कीं वाटींतलें पाणी निथळून जातें. अशा वाटींत साबण ठेवला तर तो विरघळत नाहीं, आणि मिरचीचें रोप लावलें तर त्याची मुळें कुजत नाहींत.

करवंटीचा लौकिक घरापुरताच नाहीं. केरळांत रबराच्या झाडाचा चीक करवंट्यांत धरीत आले आहेत. रावणहत्था या वाद्याची नाद घुमविणारी वाटी करवंटीचीच असते. पहिल्या महायुद्धांत, १९१८ सालीं, विषारी वायूपासून रक्षण करणाऱ्या मुखवट्यांसाठीं अमेरिकेंत करवंटीचा कोळसा वापरण्यांत आला, आणि पाणी गाळण्याच्या अनेक यंत्रांत तो आजही असतो. मात्र तो कोळसा अतितप्त वाफेनें सिद्ध केलेला असतो. चुलींतला कोळसा पाण्यांत टाकून तें शुद्ध झालें असें कोणीं समजूं नये. युक्तीला ज्ञानाची जोड नसेल तर ती अपाय करते.

या सर्वांवरून माझें मत असें बनलें आहे कीं, अशा कामाची कसोटी शोभा ही नसून उपयोग ही होय. त्या घुबडाच्या करवंट्या फुकट मिळाल्या खऱ्या. परंतु व्हार्निश, डिंक आणि डोळे विकत आणावे लागले. एक टाकाऊ वस्तु वांचविण्यासाठीं तीन नव्या वस्तु खर्ची पडल्या आणि शेवटीं हातीं काय आलें, तर कपाटावर धूळ खात बसणारी चौथी वस्तु!

कोणी विचारील, "मग काय घरांत करवंट्यांची रास करावयाची?" मुळींच नाहीं. एका घरास दोन डवल्या व एक साबणदाणी पुष्कळ झाली. उरलेल्या करवंट्या बंबांत घालाव्या, जळण म्हणून त्या उत्तम असतात. साठवण म्हणजे काटकसर नव्हे. दुसरीही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ज्या घरीं दुसरा डाव घेण्याची ऐपत नाहीं, त्या घरच्या मुलास आपण काटकसरीचे पाठ देण्याचें कारण नाहीं, आणि त्याच्या गरजेचें भर सभेंत कौतुक करणें हेंही बरें नव्हे. पाठ घ्यावयाचे आहेत ते आपण, ज्यांना वस्तु टाकून देणें परवडतें त्यांनीं.

विद्यार्थिमित्रहो, पुढील प्रदर्शनासाठीं माझी सूचना एवढीच आहे: घरीं निदान एक महिना वापरलेली वस्तूच मांडावी. तिला डाग असतील, तिची काठी काळवंडलेली असेल. परीक्षकानें तेच गुण समजावे. आणि ती सायंकाळीं घरीं लागणार असेल, तर परीक्षकानें ती सर्वांआधीं पाहून मोकळी करावी.